केरबाच्या गाडीचा आवाज

“तोच आहे. काढ गाडी,” इनास माझ्या खिडकीखाली येऊन म्हणाला.

घोडेतळीच्या घाटात आम्ही वरच्या बगलेत उभे होतो. बगल म्हणजे डोंगर खोदून रुंद केलेली जागा, दोन-तीन ट्रक कडेला लागतील एवढी. तिथून खाली लांबवर रस्ता एका गाडीपुरताच. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. माझ्या गाडीत कोबी आणि फ्लॉवर, खाली कोकणात पोचवायचा. माझ्या मागं इनासचा ट्रक. सकाळचं ऊन नुकतं कड्यावर आलं होतं, आणि दरीतून तो आवाज वर चढत होता. खोल, भरीव, छातीत घुमणारा. असा आवाज करणारी गाडी त्या मुलखात एकच होती, आणि ती माझ्या मेव्हण्याची होती.

“रिकामा असणार,” इनास म्हणाला. “आणि भरलेला असला तरी ठरलंय ते ठरलंय. तूच ठरवलंस.”

ठरवलं होतं मीच, त्यात खोटं काय. केरबाच्या गाडीला वाट द्यायची नाही. समोरासमोर आला तर त्यानं मागं जायचं.

आता हे का ठरवलं ते ऐका, नाहीतर म्हणाल दौलू माणूसच वाकडा. वाकडा आहेच मी, पण बिनकारणाचा नाही.

त्या घाटात तेव्हा एक रीत होती. खालून जांभा चिरा भरून गाड्या वर यायच्या, वरून भाजीपाला नाहीतर धान्य घेऊन खाली जायच्या. बगलेत आलं की गाडी बंद करायची आणि कान द्यायचा. भरलेली गाडी चढत असली की ती पहिल्या गिअरमध्ये कण्हत येते, तो आवाज लपत नाही. तो आला की वरच्यानं गप थांबायचं. रिकामी गाडी हलक्या आवाजात, हौद्याचा मागचा फाळका खडखडवत येते. तिनं खालच्या बगलेत थांबून उतरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कारण साधं होतं. घाटातली वळणं इतकी आवळ, की चिऱ्याची गाडी एका दमात वळत नसे. जरा पुढं, जरा मागं, असं करत वळवायची. म्हणून क्लीनर मागून चालत यायचा, खांद्यावर लाकडी ठोकळा घेऊन. गाडी थांबली की मागच्या चाकाखाली ठोकळा, निघाली की उचलून पुन्हा चाल. अशा गाडीच्या समोर कुणी तडमडला, तर तिला भरल्या ओझ्यानं उतारावर मागं जावं लागणार. मग गाडी राहील ती राहील, मागं ठोकळा घेऊन उभा असलेला माणूस काही राहत नाही. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती. केरबानं मोडली.

केरबा माझ्या धाकट्या बहिणीचा, गौराचा नवरा. लग्न मीच जमवलं होतं. एका गाडीवर आम्ही दोघं राबलो होतो, एका ताटात जेवलो होतो. पुढं त्यानं आपली गाडी घेतली, तोवरही गोडी होती. मग माझ्या थोरल्या मुलीचं लग्न आलं. मांडवात पावण्यांना टॉवेल-टोपी चाललेली. घरचा जावई म्हणून पहिला मान केरबाचा. पण वाटणारा माझा चुलता, त्याला दिसत होतं कमी. त्यानं आधी व्याह्यांकडचा एक कुणीतरी गाठला आणि केरबाचा नंबर मागाहून लागला. केरबानं टोपी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि भर मांडवात माझ्या अंगावर फेकली. म्हणाला, “ही तुझ्या क्लीनरला घाल.” गौरा बायकांतून उठली. मला वाटलं, नवऱ्याला चार शब्द सुनावेल. तिनं चप्पल पायात घातली आणि त्याच्या मागून चालू लागली. माझ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून येणं-जाणं बंद. भाऊबीजेला मी पाट मांडून ठेवला होता, एकदाच. संध्याकाळी तोच पाट बायकोनं उचलून माळ्यावर टाकला. म्हणाली, एवढा अंगाचा तिळपापड करून घ्यायचा तर पाट तरी कशाला मांडता? मी म्हटलं, परत नाही मांडणार.

मग सायलेन्सरचं प्रकरण झालं. मी गाडीच्या स्प्रिंगचे पाटे बघायला रज्जब मिस्त्रीच्या शेडमध्ये गेलो होतो. तिथं केरबाची गाडी उभी आणि तिचा सायलेन्सर खाली काढून, पोट फाडून ठेवलेला. मला राहवलं नाही, विचारलं, रज्जबभाई, हे काय चाललंय. रज्जब हौशी माणूस. त्यानं सगळं दाखवलं. कंपनीच्या डब्यात आत पत्र्याचे पडदे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. धूर सरळ बाहेर जात नाही. इकडून तिकडं फिरून, दमून बाहेर पडतो. आवाज मऊ होतो खरा, पण इंजिनचा श्वास कोंडतो, आणि जुन्या गाडीत त्यात काजळी बसली की चढाला गाडी धापा टाकते. त्यानं पडदे कापून काढले होते आणि आरपार एक रुंद नळी घातली होती. पण नुसती आरपार नळी ठेवली तर आवाज फाटका येतो, कान किटतात. म्हणून त्यानं शेवटचा एक कप्पा तसाच ठेवला होता. मडक्यात तोंड घालून बोलावं तसा आवाज त्यातून घुमून बाहेर यायचा. काम नामी होतं. मी वैऱ्याच्या गाडीवर झालं म्हणून कामाला नावं ठेवणार नाही.

केरबा पलीकडं पिंपावर बसून चहा पीत होता. माझ्याशी तो बोलत नव्हता, मी त्याच्याशी बोलत नव्हतो. आमचं बोलणं रज्जबच्या मार्फत चालायचं.

“रज्जबभाई,” तो म्हणाला, “काही लोकांच्या गाड्या चढाला खोकतात. तो नळीचा दोष नसतो, रक्ताचा असतो.”

“रज्जबभाई,” मी म्हटलं, “उथळ पाण्याला खळखळाट फार, असं सांगा कुणाला तरी.”

रज्जब बिचारा दोघांच्या मधे वेल्डिंगची कांडी धरून उभा. त्यानं काळा चष्मा डोळ्यावर ओढला आणि कामाला लागला.

गाडी सुधारली, हे खरं. केरबा चिरा भरून माझ्यापेक्षा लवकर घाट चढायला लागला. ते मला डाचत होतंच. पण पुढं त्यानं जे केलं त्याला सुधारणा म्हणत नाहीत. एक दिवस मी वरच्या बगलेत थांबलो, कान दिला, आणि खालून तो भरीव आवाज आला. म्हटलं, चिऱ्याची गाडी आहे, वैरी असला म्हणून काय झालं, रीत ती रीत. गाडीत टोमॅटो होता, ऊन मी म्हणत होतं. थांबलो. आवाज जवळ आला, आणि वळणावरून केरबाची गाडी वर आली ती अख्खी रिकामी. हौद्यात एक चिरा नाही. एका हातानं स्टेअरिंग, दुसऱ्या हातात बिडी.

माझ्याजवळ येताच गाडी सावकाश केली आणि आपल्या क्लीनरला मोठ्यानं म्हणाला, “पावणं कुणाची वाट बघत्यात रे?”

गाडी पुढं गेली तेव्हा मी मागचा फाळका बघितला. खडखडू नये म्हणून त्याला ट्यूबच्या रबरी पट्ट्या आवळून बांधल्या होत्या. म्हणजे बघा, आवाज भरलेला निघतो हे योगायोगानं झालं म्हणावं, पण फाळका काही आपोआप बांधला जात नाही. रिकामी गाडी भरलेली म्हणून खपवायची आणि साऱ्या घाटाला उन्हात तिष्ठत ठेवायचं, हा त्याचा बेत होता. बाकीच्यांना विचारलं तर प्रत्येकजण तसाच एकेकदा फसलेला. लाजेनं कुणी बोलला नव्हता एवढंच.

घाटमाथ्यावरच्या हॉटेलात मीच विषय काढला. म्हटलं, ह्याच्या आवाजावर यापुढं विश्वास ठेवायचा नाही. ऐकू आला तरी खुशाल उतरायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. इनासनंच तेव्हा विचारलं होतं, आणि खरोखर भरलेला असला तर? मी म्हटलं, त्याचं त्यानं बघावं.

ही गोष्ट केरबाच्या क्लीनरच्या कानावर गेली आणि तो त्याच आठवड्यात काम सोडून गेला. त्याचं तरी काय चुकलं? शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मालक खोटं बोलणार आणि चाकाखाली हा जाणार. दुसरा कुणी क्लीनर केरबाकडं टिकेना. मला हे कळलं त्या दिवशी मी हॉटेलात एक चहा जास्त प्यालो. म्हटलं, आता बसू दे गाडी दारात, लावू दे तिच्यावर वेल.

तर असे आम्ही त्या सकाळी बगलेत उभे होतो.

“काढ गा,” इनास पुन्हा म्हणाला. “भाजी सुकंल.”

मी चावी फिरवायला हात घातला. खरं सांगतो, मला आनंद होत होता. तो मधल्या वळणावर माझ्या समोर येईल, त्याला मागं जावं लागेल, मी वरून बघत राहीन, हे सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. मांडवातल्या टोपीचा हिशेब फिटणार होता.

तेवढ्यात खालचा आवाज एकदम उतरला. कुठल्या तरी वळणावर त्यानं गाडी थांबवली असणार. घुमणं बारीक झालं आणि त्या सांदीत मला दुसरा आवाज आला.

ठक.

लाकूड दगडावर आपटल्याचा. मग इंजिन पुन्हा घुमलं, जरा वेळानं पुन्हा उतरलं, आणि पुन्हा ठक.

मी चावीवरचा हात काढला. रिकाम्या गाडीला कुणी ठोकळा लावत नाही. फाळका बांधून ठेवता येतो, सायलेन्सर फाडून पाहिजे तसा आवाज काढता येतो, पण मागून ठोकळा टाकत येणारा माणूस कुणी सोंगापायी ठेवत नाही. गाडी भरलेली होती, आणि तिच्यामागं कुणीतरी पायी चालत होतं. मिळाला म्हणायचा कुणी क्लीनर, मी मनात म्हटलं. कुणाचं तरी पोर असणार, ज्याला हॉटेलातला ठराव माहीत नाही.

“भरलाय तो,” मी इनासला म्हटलं. “थांबायचं.”

इनासला काही ऐकू आलं नव्हतं, त्याचं तोंड चालू होतं ना. तो भडकला. म्हणाला, आम्हाला कामाला लावून आता मेव्हण्याचा पुळका आला का तुला? तू थांब, मी जातो पुढं. आणि तो खरंच आपल्या गाडीकडं चालू लागला. इनास रागाच्या भरात काय करील त्याचा नेम नव्हता. मी गाडी चालू केली, तोंड फिरवलं आणि घाटाच्या तोंडावर आडवी घालून बंद केली. चावी काढून खिशात टाकली.

इनास धावत आला. “त्याचं त्यानं बघावं, हे तुझंच तोंड होतं.”

“तोंड माझंच होतं,” मी म्हटलं. “आणि गाडीपण माझीच आहे. ती हलणार नाही.”

त्यानं मला माझ्या आईवरून दोन शिव्या घातल्या. एरवी मी खाली उतरून त्याचे दात मोजले असते. त्या दिवशी कान देऊन बसून राहिलो. आवाज जवळ येत होता, थांबत होता, ठक होत होतं, पुन्हा निघत होता. शेवटच्या वळणाआधी मी गाडी परत कड्याला लावून वाट मोकळी केली.

केरबाची गाडी वर आली. चिरा फाळक्याच्या वरपर्यंत रचलेला, पाटे खाली बसून सपाट झालेले. ह्या वेळी फाळक्याला पट्ट्या नव्हत्या. केरबा दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लोंबकळत होता, मानेच्या शिरा टरटरून फुगलेल्या, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. माझ्या खिडकीपासून वीतभर अंतरावरून गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही, म्हणजे बघितलं नाही असं त्याला वाटावं एवढंच बघितलं.

गाडी पुढं गेली आणि धुराच्या मागून ठोकळा घेऊन येणारं माणूस दिसलं.

गौरा होती. लुगड्याचा कासोटा घातलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, पायात नवऱ्याच्या जुन्या चपला. आंब्याच्या लाकडाचा ठोकळा खांद्यावर, एका बाजूनं चिरफाळलेला, तारेनं आवळलेला. धुरानं तोंड काळं झालं होतं. लग्नात मी तिच्या हाताला धरून तिला बोहल्यापर्यंत नेली होती. त्याच हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

इनास शिव्या देता देता थांबला. टोपी सारखी करून तो आपल्या गाडीकडं गेला.

गौरा माझ्या दाराशी उभी राहिली. ठोकळा खाली ठेवला नाही. धाप लागली होती, ती जरा बसू दिली. चार पावसाळे तोंड न बघितलेली बहीण, आणि भेटली ती अशी.

“थांबलायस कशापायी?” ती म्हणाली. दादा म्हणाली नाही. “मी हाय म्हणून?”

“तू हैस ते मला काय म्हाईत? ठोकळ्याचा आवाज आला. गाडी भरलेली दिसली म्हणून थांबलो.”

ती माझ्याकडं बघत राहिली, खरं बोलतोय की नाही ते तपासत. लहानपणी खोटं बोललो की तिला डोळ्यांतून कळायचं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “माझ्यासाठी थांबला असतास, तर ह्यो ठोकळा तुझ्या काचंवर घातला असता. आमची गाडी कुणाच्या भावपणावर घाट चढत न्हाई.”

“मग खोट्या आवाजावर चढती व्हय?” माझ्या तोंडून गेलंच.

“ते त्यानं केलं, आणि त्याचं ओझं मी वाहतीया,” तिनं खांद्यावरचा ठोकळा हलवला. “आणि हॉटेलात बसून तू केलंस, त्याचंपण मीच.”

गाडी पुढं सपाटीवर गेली होती. केरबानं हॉर्न दिला. ती पाठ फिरवून धावत निघाली, चपला फटफट वाजवत.

मी घाट उतरायला लागलो. मधल्या वळणावर गाडी थांबवून खाली उतरलो. केरबाच्या मागच्या चाकांच्या खुणा मातीत दिसत होत्या. एका ठिकाणी गाडी मागं सरकली होती, जवळजवळ हातभर. तिथं ठोकळ्याची ढलपी पडली होती आणि शेजारी चपलेचा माग, टाच दरीच्या काठाला टेकलेली. मी चावी फिरवली असती तर नेमका इथं समोर आलो असतो. माझ्या गाडीच्या फाळक्याला टेकून जरा वेळ उभा राहिलो, मग गाडी चालवली.

हॉटेलातला ठराव मी मोडला नाही. इनासनंच मोडला. माझ्याआधी त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं, की नुसत्या आवाजाला कान देऊ नका, ठोकळ्याला द्या. मी कोपऱ्यात चहा पीत बसलो होतो, कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

माझ्या परसात आमच्या वडलांच्या, आबांच्या बैलगाडीचा आख पडून होता. बाभळीचा, काळा पडलेला, टोकाला लोखंडी पट्टी चढवलेला. त्या आखावर उभी राहून गौरा लहानपणी आबांशी भांडायची, मला बाजाराला न्या म्हणून. मी तो टोकाकडून करवतीनं कापला आणि त्याचा ठोकळा केला. बायको दारातून बघत होती. कशाला म्हणून विचारलं नाही तिनं. पट्टीचा खिळा सैल झाला होता, तेवढा घट्ट करा म्हणाली. पुढच्या फेरीला खाली जाताना ठोकळा मी खालच्या बगलेत ठेवला, जिथं चिऱ्याच्या गाड्या चढायच्या आधी थांबतात तिथं. निरोप नाही, काही नाही. घेणारा घेईल. मनात म्हटलं, नाही घेतला तर इनासच्या क्लीनरला होईल.

नंतर कितीतरी फेऱ्या झाल्या. मी बगलेत थांबायचो, कान द्यायचो. केरबाचा आवाज घुमत यायचा आणि त्याच्यामागं आंब्याच्या लाकडाचं मऊ, भदं ठक. गौरा माझ्या गाडीशेजारून तोच तारेनं आवळलेला ठोकळा घेऊन जायची, मान ताठ ठेवून. मीही सरळ पुढं बघायचो. आमच्या घराण्यात मान वळवायची पद्धत नाही.

मग एक दिवस थंडीत, कड्यावर दव असताना, मी बगलेत गाडी बंद केली. मागं इनास होता. त्यानंही बंद केली. खालून केरबाची गाडी घुमत चढत होती. पहिलं वळण आलं, आवाज उतरला.

ठण्ण.

लोखंड दगडावर वाजलं. सगळ्या दरीत घुमलं.

इनास मागून ओरडून काहीतरी विचारत होता. मी त्याला हातानं गप केलं. गाडी पुढं सरकली, दुसरं वळण आलं, पुन्हा ठण्ण. मी स्टेअरिंगवर डोकं टेकून ऐकत राहिलो, एकेक वळण, वरपर्यंत.

ती शेजारून गेली तेव्हा खांद्यावर बाभळीचा ठोकळा होता, पट्टी घासून चकचकीत केलेली. माझ्याकडं बघितलं नाही तिनं. मीही पुढंच बघत होतो. केरबानं हॉर्न दिला आणि ती धावत त्याच्यामागं गेली.